तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायट्यांत निवृत्त मराठी माणसाचे प्रकार ठरलेले आहेत. एक गणेशोत्सवाचा हिशेब सांभाळणारा, एक भेटेल त्याला 'आमच्या वेळचं दादर' ऐकवणारा, एक लिफ्टच्या देखभालीवरून सेक्रेटरीला पत्रं लिहिणारा. अलीकडे चौथ्याची भर पडली आहे: घरात समुद्र पाळणारा. यमुना शेजारून वाहते, पण तिच्याकडे हा काका ढुंकूनही पाहत नाही. खरा समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर दूर, म्हणून त्याने तो 200 लिटरच्या काचेच्या टाकीत, तिसऱ्या मजल्यावर आणून बसवला आहे. गाझीपूरची मासळी मंडई जवळच असल्याने पाहुणे टाकीपाशी उभे राहून आधी किलोचा भाव विचारतात, हे तो आता मनाला लावून घेत नाही.

हा काका बहुधा ऑडिट खात्यातून निवृत्त झालेला असतो. नसला, तरी टाकी घरी आल्यावर होतो. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने पहिल्याच दिवशी सात किलो मीठ लागतं. तेही किराण्याचं नव्हे, मत्स्यालयासाठीचं खास मीठ, आणि ते आरओच्या पाण्यातच विरघळवायचं. गोणी वर चढताना पाहून शेजारच्या आंटींनी विचारलं होतं, "भाईसाहब, इतना अचार कौन खाएगा?"

पण त्याचा खरा प्रांत म्हणजे सजावट. मासे तो तासाभरात पसंत करतो. दगडावर मात्र चौकशी समिती बसते. गोड्या पाण्यात मासे पाळणाऱ्यांना शिकवलेलं असतं, की दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि फसफसला तर ठेवू नका, कारण त्यातला चुना पाणी जड करतो. खाऱ्या टाकीत सगळंच उलटं. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 च्या आसपास राहावा लागतो, त्यामुळे फसफसणारा चुनखडक इथे लाडका. काका दुकानात ड्रॉपर खिशात घेऊन जातो. दगड फसफसला तरी सुटत नाही; मग लोखंडाच्या संशयाने त्याला चुंबक लावायचं, मग गंजाच्या तांबूस रेघा भिंगातून शोधायच्या. जामा मशिदीजवळचा एक दुकानदार अखेर कंटाळून म्हणाला, "अंकल, पत्थर ले रहे हो, दामाद नहीं."

वास्तुशांतीला आलेलं पितळी कासव हे प्रकरण जास्त नाजूक. दिल्लीत असं कासव पाण्याच्या वाडग्यात ठेवायची पद्धत आहे, आणि घरात एवढं पाणी आयतं असताना वाडगा कशाला, असा काकूंचा बिनतोड सवाल. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. माशांच्या काही रोगांवर तांबं औषध म्हणून देतात खरं, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना त्याचा अंशही जीवघेणा. शिवाय ते खडकात मुरतं आणि पुढे कितीतरी दिवस पाण्यात उतरत राहतं. कासव टीव्हीशेजारी गेलं, कोरडं. काकूही दोन दिवस तशाच होत्या.

नातवाने आणलेला रंगीत किल्ला नखाने खरवडल्यावर नापास झाला: रंग निघाला. वाळलेलं लाकूड पाण्यात टॅनिन सोडतं, पीएच खाली आणतं, म्हणून तेही परत. शाडूचा छोटा गणपती कुणीतरी सुचवला. विरघळणं हा विसर्जनातला त्याचा गुण इथे दोष ठरला. मंजूर झाली ती फक्त नर्सरीतली फुटकी मातीची कुंडी, बिनरंगाची, बिनचकाकीची. आणि गंमत म्हणजे क्लाउनफिशच्या जोडीने तिथेच संसार थाटला. समुद्रफूल नसलं तरी या माशांचं अडत नाही. त्यांची पैदास करणारेही टाकीत अशाच कुंड्या ठेवतात.

एका ज्योतिषाने 'इंद्रजाल' टाकीमागे लावायला सांगितलं, तेव्हा मात्र काकातला सरकारी माणूस दचकून जागा झाला. इंद्रजाल म्हणून विकली जाणारी ती काळी जाळी कुठल्या वनस्पतीची मुळी नव्हेच. ते समुद्रपंखे किंवा काळं प्रवाळ असतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, पण हे जीव आणि खडक उभारणारी प्रवाळं 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ मेलेलं असलं तरी कायदा तोच, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. ज्योतिषाने ग्रहांची पीडा सांगितली होती. काकाने त्याला कलम सांगितलं.

उरले मालवणहून भाचीने पाठवलेले शंख. चकचकीत होते ते व्हार्निशच्या आरोपाखाली बाद. उरलेल्यांची यादी संरक्षित जातींशी ताडून पाहिली. मग आत मेलेला जीव कुजून अमोनिया होऊ नये म्हणून ते भिजवले, उकळले, हुंगले, पुन्हा धुतले. शेवटी एकच शंख पास झाला. तो कुंडीच्या उजवीकडे, बरोबर मध्यरेषेवर मांडून काका झोपायला गेला.

टाकीतल्या हर्मिट खेकड्याला आपलं जुनं कवच केव्हापासून आखूड होत होतं. मोठा रिकामा शंख मिळाला नाही तर हे खेकडे गोगलगायीला मारून तिचं घर बळकावतात, म्हणून टाकीत जास्तीचे शंख ठेवावेच लागतात. या खेकड्याने सकाळपर्यंत बदली करून घेतली. काकाच्या वहीत त्या तारखेची नोंद आहे: "मंजूर शंख, 1 नग, जागेवर आढळला नाही. पंपामागे चालताना आढळला. खुलासा मागवावा."