मंद आचेची घाई

नाताळच्या धांदलीत स्लो कुकर वेळ वाचवतो, असं इंग्लंड-अमेरिकेत छातीठोकपणे सांगतात. आठ तास शिजवून वेळ वाचवायचा, हे गणित जाहिरातवाल्यांनाच जमावं! हॅम त्यात मऊसूत होतं खरं. पण झाकणाखाली कोंडलेल्या वाफेत वरचा मधाचा थर खरपूस व्हायचा कसा? शेवटी ते ओव्हनमध्ये जातंच. तोवर ओव्हन टर्कीला मोकळा मिळतो ना, असं कुणी म्हणेल. मान्य. ख्रिसमस पुडिंगला स्लो कुकरमध्ये तासन्‌तास वाफ देताना पाणी फारसं आटत नाही, हेही मान्य. पण गंमत पाहा: अर्विंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये पेटंट मिळवलेल्या या भांड्यामागची प्रेरणा होती शब्बाथसाठी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, रात्रभर शिजणारं ज्यूंचं चोलंट नावाचं कालवण. आता त्याच भांड्यात ज्यूंना निषिद्ध असलेली डुकराची तंगडी शिजते, आणि तक्रार काय, तर रंग चढत नाही!