एवढंच घ्यायचं राहिलं होतं

बारामतीत भिगवण रस्त्याला घर, इंदापूर तालुक्यात कालव्याखालचा ऊस, दारात ट्रॅक्टर आणि बैठकीच्या खोलीत प्लेस्टेशन. एवढ्या चार खुणा जुळल्या की समजावं, हा बापू. बापू एकच नाही. एमआयडीसीत पाळ्या करणारा बापू आहे, खतांचं दुकान चालवणारा आहे, भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालून उरलेल्या वेळात फुटबॉलचे चषक जिंकणाराही आहे. वय पस्तिशीच्या अलीकडेपलीकडे. ते गेमचं यंत्र त्याने स्वतःसाठी कधीच घेतलेलं नसतं, ते ‘पोरांसाठी’ असतं. पोरं दहाला झोपतात. बापू साडेदहाला बसतो.

सोनीचं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, किंमत ४९,९९० रुपये. बापूने घरात “पन्नास हजार, एकदाच” असं सांगितलं तेव्हा त्याच्या मनात खरोखर काही काळंबेरं नव्हतं. खोकं उघडलं, यंत्र निघालं, तारा निघाल्या, कंट्रोलर निघाला. एकच.

बापूच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, मिळायचे ते कॅसेटवाले टीव्ही गेम मूळ जपानी यंत्राची सर्रास नक्कल असायचे आणि खोक्यावर ‘९९९९ इन वन’ असं धडधडीत खोटं छापलेलं असायचं. पण त्या नकलेतही दोन जॉयस्टिक आणि वर बदकं मारायची बंदूक असायची. पन्नास हजारांच्या अस्सल मालात मात्र दोघा भावंडांत एक कंट्रोलर. घरात त्यावरून जो गोंधळ झाला, त्यात बापूच्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य आलं: “एवढंच घ्यायचं राहिलं होतं.”

दुसरा कंट्रोलर ५,९९० ला. दोन्ही चार्ज करायचं ठाणं २,५९० ला. हेडफोन ८,५९० ला, कारण रात्री आवाज बाहेर जाऊ नये. ही बापूची घरच्यांवरची मायाच म्हणायची. सिनेमा लावायला छोटा रिमोट, २,५९०. कॅमेरा ५,१९० चा, त्याचं बारामतीत नेमकं काय काम हे अजून ठरलेलं नाही. हे सगळे सोनीने भारतात तेव्हा जाहीर केलेलेच आकडे आहेत. बेरीज केली तर २४,९५० होते, म्हणजे यंत्राच्या निम्म्या किमतीला फक्त पंचेचाळीस रुपये कमी. यात गेम एकही नाही. नव्या मोठ्या गेमची सीडी तेव्हा ४,९९९ ला.

आबांना, म्हणजे बापूच्या वडिलांना, रुपयातले आकडे लागत नाहीत. ते टनात मोजतात. त्या वर्षी, २०२०-२१ च्या हंगामात, उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, दहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे २,८५० रुपये होती. आबांनी हिशेब मांडला: यंत्र म्हणजे साडेसतरा टन. कंट्रोलर दोन टनांच्या वर. हेडफोन तीन टनांच्या किंचित वर, आणि तोही तोडणी-वाहतूक न धरता. “तीन टन ऊस कानाला लावून बसतोय,” असं ते आल्यागेल्याला सांगत. हेडफोनमुळे बापूला ते ऐकू येत नसे, त्या अर्थाने तीन टन वसूल झाले.

बापूचं खरं कसब मात्र पुढे दिसतं. तो खोटं बोलत नाही, खातं बदलतो. यंत्राचा पूर्ण चेहरामोहरा दिसायला फोर-के टीव्ही लागतो. तो ‘आईच्या मालिकां’च्या खात्यावर पडला. ऑनलाइन खेळायला फायबरचं नेट लागतं. ते ‘पोरांच्या अभ्यासा’वर. त्यावर बहुतेक गेम इतरांशी ऑनलाइन खेळायचे तर कंपनीचं सभासदत्व घ्यावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. ते कुठल्याच खात्यात बसेना, म्हणून सांगितलंच नाही. मे महिन्यातल्या वळवात लाइट गेली की यंत्र मध्येच बंद पडतं आणि पुन्हा चालू केल्यावर, ‘मला नीट बंद केलं नाही’ म्हणून तक्रार करतं. त्यासाठी इन्व्हर्टर आला. तो आबांच्या पंख्यासाठी. आबांनी पंखा कधी मागितला होता, हे आबांनाही आठवत नाही.

हे सारं जोडणारी घरात एकच व्यक्ती, बापूची बायको. पतसंस्थेत नोकरी असल्याने तिला दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला खर्च वासावरून कळतो. तिने कालनिर्णयच्या पाठीमागे पेन्सिलीने बेरीज ठेवली आहे. बापू त्या भिंतीकडे बघत नाही.

फुकट मिळालेली वस्तू म्हणजे आईने जुन्या साडीची शिवून दिलेली खोळ. गाळप हंगामात कुणी पाचट पेटवलं की काजळी खिडकीतून आत येते, त्यावर उपाय. खोळ काढायची विसरून यंत्र लावलं की ते तापतं आणि पंखा घोंघावतो, म्हणून बापू आता यंत्र थंड करायचा स्टँड बघतोय.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सचं यंत्र कंपनीने कधी नफ्यात विकलेलंच नाही. सोनीनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवलं की सीडीवालं प्लेस्टेशन ५ आता तोट्यात जात नाही, म्हणजे तोवर जात होतं. यंत्र दारात टेकवायचं आणि कमाई गेममधून, सभासदत्वातून, सामानातून काढायची, असा हा धंदा. बापूला हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा सोनीचा तोटा ऐकून त्याला वाईट वाटलं आणि त्याने आणखी एक गेम घेतला.

त्या गेमला जागा पुरेना. यंत्रावर ८२५ जीबी लिहिलेलं, वापरायला मिळतात साधारण ६६७. एकेक गेम शंभर जीबी खातो. सप्टेंबर २०२१ पासून आत जास्तीची एसएसडी बसवायची सोय झाली; ती वेगळी घ्यायची आणि तिला उष्णता काढणारी पट्टीही लागते. बापू विनाथांबा गाडीने पुण्याला, तापकीर गल्लीत गेला. एसएसडी आणली, पट्टी विसरला. पुन्हा गेला. गाडीभाडं ‘पुण्याचं काम’ या खात्यावर.

मग कंट्रोलरची काडी आपोआप सरकू लागली. खेळाडू उभा, बापूचा हात बाजूला, तरी तो डावीकडे चालतोच. आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या संस्थेने हिशेब केला होता की त्या काडीखालच्या भागाचं ठरलेलं आयुष्य धुवांधार खेळणाऱ्याच्या हातात ४१७ तासांत संपू शकतं. बापूचे ४१७ तास कधीच उलटले होते. तिसरा कंट्रोलर आला.

त्या दिवशी आबांनी तोंड सोडलं. बापूने शांतपणे ट्रॅक्टरकडे बोट केलं. ट्रॅक्टर घेतला तेव्हाही “एकदाच” म्हणाला होतात. मग पलटी नांगर आला, रोटाव्हेटर आला, सरी पाडायचं रेझर, ट्रॉली, पाचटाची कुट्टी करायचं यंत्र. दर जानेवारीत कृषी विज्ञान केंद्रावर ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं आणि दर जानेवारीत आबा “नुसतं बघून येतो” म्हणून जातात. आबांनी यावर काही उत्तर दिलं नाही, चहा मागवला.

तह झाला तो फार्मिंग सिम्युलेटर २५ वर. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या स्विस कंपनीच्या खेळात ट्रॅक्टर घ्यायचा, त्याला अवजारं वेगळी घ्यायची, ऊससुद्धा लावता येतो. अवजारांचे काही संच तर खऱ्या पैशाने वेगळे विकतात. आबा आधी मागे उभे राहिले, मग खुर्ची घेतली. “सरी वाकडी पडतीय,” म्हणाले. “भाव काय देतात इथं?” म्हणाले. शेवटी कंट्रोलर हातात घेऊन बघितला आणि परत दिला. बोटाने ट्रॅक्टर चालवणं त्यांना पटेना.

बापूने लगेच स्टिअरिंग काढून दाखवलं: लॉजिटेकचं जी-२९, सोबत पायाखालचे पेडल. आबांनी चित्र लांब धरून नीट पाहिलं.

“गिअरची दांडी कुठाय?”

“ती वेगळी मिळते, आबा.”

“मग ती पण सांग की,” आबा म्हणाले, “आणि माझ्या पंख्याच्या खात्यावर टाक.”