दट्ट्या

फ्रेंच प्रेस घरात आला तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला, "हे धुणार कोण?" तो अजून निकालात निघालेला नाही.

बाकी माझा अभ्यास चोख होता. कॉफीच्या बिया जाड्या रव्याइतक्या भरड दळायच्या. तीस ग्रॅम पुडीला साडेचारशे मिली पाणी. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, पाणी ओतायचं, चार मिनिटं मुरू द्यायचं आणि दट्ट्या अलगद खाली न्यायचा. पूड बारीक झाली तर जाळी तुंबते. हे मी साताऱ्यातल्या मित्रांना इतक्यांदा ऐकवलं, की हल्ली ते चहा पिऊनच घरी येतात.

दिवाळीला सासुरवाडीला, सांगलीला निघालो. एसटीत कंदी पेढे वरच्या फळीवर आणि प्रेस माझ्या मांडीवर. पेठ नाक्याला गाडी आत वळली आणि इस्लामपूर, आष्टा करत प्रत्येक खड्ड्याला मी ती काच पोटाशी धरू लागलो. शेजारचे आजोबा म्हणाले, "तुपाची बरणी हाय व्हय?" मी कॉफीचं म्हणून सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं ते थेट सांगली येईपर्यंत.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी प्रेस उलटासुलटा करून पाहिला. "फ्रान्सचा काय?"

"पहिलं पेटंट पॅरिसचं, १८५२चं. पण आपण वापरतो त्या घडणीचं पेटंट १९२९ साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी घेतलं. दोघंही इटलीचे."

"म्हणजे काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. आमच्या सोसायटीत हेच चालतंय." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "१९२९ म्हणजे आपल्या आयर्विन पुलाचं साल! पूल अजून पाणी किती चढलं ते सांगतोय. तुमचं हे काय सांगतंय?"

मी म्हटलं, सकाळी दाखवतो.

सकाळी कळलं, की हाताने फिरवायची दळणी साताऱ्यातच राहिली. "त्यात काय एवढं?" म्हणत मामींनी बिया मिक्सरला लावल्या आणि भांडं माझ्यापुढे धरलं. आत मैदा होता. "बघा जावईबापू, वस्त्रगाळ!" त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून रव्याचा विषय मी गिळून टाकला.

पाणी ओतलं. चार मिनिटं गप्प बसायचं ही कल्पना त्या घराला नवीन होती. तेवढ्यात शेजारच्या काकू चकल्या घेऊन आल्या, मेहुण्याचं एक स्थळ निघालं आणि मोडलंही. घड्याळ बघून मी दट्ट्यावर हात ठेवला. तो हलेना. दोन्ही हात लावले. मामा खुर्ची पुढे ओढून काचेतली पातळी निरखू लागले. "एकोणचाळीस फूट..." मी उभा राहून अंगाचा भार टाकला.

"चाळीस! इशारा पातळी!" मामा ओरडले आणि तोटीतून, झाकणाखालून, जिथून वाट मिळेल तिथून कॉफी बाहेर आली. नवं टेबलक्लॉथ, चकल्या आणि माझा पाडव्याचा सदरा पूरग्रस्त झाले.

मामी काही बोलल्या नाहीत. उरलेली कॉफी त्यांनी फडक्यातून पातेल्यात गाळली, दूध-साखर घालून गॅसवर ठेवली आणि वरून जायफळ किसलं. वास पार जिन्यापर्यंत गेला. "आम्ही पण हेच करतो की," त्या म्हणाल्या. "उकळत्या पाण्यात पूड टाकायची, वर ताटली झाकायची. चोथा आपोआप खाली बसतोय. त्याला दट्ट्या लागत नाही, दम लागतोय."

जायफळ घातलं की कॉफीची मूळ चव मरते, यावर मी साताऱ्यात अर्धा तास बोलू शकतो. सांगलीत मी दोन कप प्यायलो आणि तिसऱ्यासाठी बशी पुढे केली.

मग प्रेस उचलून मोरीकडे निघालो, तर मामींनी तो हातातून काढून घेतला. जावयाने भांडी घासायची पद्धत त्या घरात नाही. मामी जाळीतला चोथा नखाने काढत बसल्या आणि हिने दारातून माझ्याकडे पाहिलं.

आयर्विनला धोका पातळी पंचेचाळीस फुटांवर आहे. मामांना ती मोठ्याने सांगावी लागली नाही.