नदी झाली, आता पाण्याचं बघू

जयपूरला समुद्र नाही, हे मुंबईचे नातेवाईक दर भेटीत ऐकवतात. पण नदीची वाट लावायला समुद्र लागतो, हा त्यांचा भ्रम आहे. बनी पार्कच्या पश्चिमेला, रिक्षाच्या अंतरावर द्रव्यवती वाहते. कुर्ल्याचा माणूस तिच्या पुलावर उभा राहिला की त्याला परगावी असल्यासारखं वाटत नाही.

मुंबईच्या मिठी नदीला एक सोय आहे. माहीमच्या खाडीतून दिवसातून दोनदा भरती येते आणि थोडं तरी पाप धुऊन नेते. द्रव्यवतीला भरती येते ती पाच वर्षांतून एकदा. २०१६ मध्ये तिला सुधारायचं काम निघालं, २०१८ च्या गांधीजयंतीला पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं आणि डिसेंबरात विधानसभेचं मतदान झालं. पंचांग बघून वाहणारी नदी भूगोलाच्या पुस्तकात सापडायची नाही.

तोवर गाव हिला अमानीशाहचा नाला म्हणायचं. एकोणिसाव्या शतकात याच नाल्याचं पाणी पंपाने उपसून शहराला प्यायला दिलं जायचं. पुढे शहर सुधारलं आणि मैलापाणी सोडायला त्याला जागा हवी झाली. १९८१ च्या पुरात नाल्याने आपली जुनी हद्द दाखवून दिली. लोकांनी ती नीट पाहिली आणि पाणी ओसरल्यावर तिथेच घरं बांधली.

मग ४७.५ किलोमीटरचा प्रकल्प आला. दहा वर्षांच्या देखभालीसकट १,६७६ कोटी रुपये. टाटा प्रोजेक्ट्सच्या जोडीला थेट शांघायची कंपनी. काँक्रीटचे काठ, फिरायला वाट, हिरवळ, दिवे. नदीला जे जे लागतं ते सगळं दिलं; पाण्याची व्यवस्था मात्र शेजाऱ्यांवर सोपवली. अगदीच खोटं बोलू नये. एकूण १७ कोटी लिटर रोजच्या क्षमतेची पाच मैलाशुद्धीकरण केंद्रंही योजली होती. पण शुद्ध केलेलं पाणी ज्या पात्रात सोडायचं, त्यातच पुढे एखादा नाला कोणाचीही परवानगी न घेता मिसळत असेल, तर त्या केंद्राने शुद्धीकरण केलं की दानधर्म, हे ठरवणं अवघड आहे.

सांगानेरला नदी रंगात येते. कापडावरची छपाई तिथली जगप्रसिद्ध आहे आणि छापलेलं कापड धुवावंच लागतं. रंगीत पाण्याचा विषय निघाला की आमचे पुण्याचे पाहुणे फार हळहळतात. हळहळून झालं की सहा डबल चादरी घेऊन परततात.

देखरेख नाही असं कोणी म्हणू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष तोंडपाठ आहेत: आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान पाच मिलिग्रॅम आणि जैविक ऑक्सिजन मागणी जास्तीत जास्त तीन. नमुना ठरल्या तारखेला, दिवसाउजेडी घेतात. रंगाचा लोट मात्र तारीख विचारून येत नाही. तो येतो रात्री. म्हणून प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी रात्रंदिवस मोजा आणि आकडा काठावरच्या फलकावर लावा, असं सुचवून पाहावं. फलकाला लगेच मंजुरी मिळेल. त्यावर कोणाचा फोटो, एवढंच ठरायचं राहील.

महाराष्ट्राने यावर हसू नये. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, पहिला नंबर. मिठीने २६ जुलै २००५ ला मुंबई बुडवली, तेव्हापासून तिचा गाळ उपसणं चालू आहे. २०२५ मध्ये त्या गाळाच्या बिलांवर आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. नदीत काय मिसळतं ते मंडळ तपासतं, तिच्यातून काय निघालं ते पोलीस तपासतात. देखरेख याहून सखोल कुठे असते?

खरी करामत पुढे आहे. जयपूर पिण्याचं पाणी बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून, सुमारे १२० किलोमीटरवरून आणतं. वापरून झालं की ते द्रव्यवतीत जातं, तिथून ढूंढ, मग मोरेल आणि शेवटी पुन्हा बनास! घेतलेलं ज्याचं त्याला परत, तेही रंगवून. आणि हा संगम धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे आपलं आपल्याला प्यावं लागत नाही. खालच्या गावांनी प्यावं की शेताला द्यावं, हा त्यांचा अंतर्गत प्रश्न.

पण नदीने एक पळवाट ठेवली आहे. सांगानेरच्या खाली या पाण्यावर भाजी पिकते आणि ती शहराच्या बाजारात येते. तेव्हा महागडी यंत्रं राहू द्या. नदीच्या प्रत्येक आढावा बैठकीत मंत्री, अधिकारी आणि ठेकेदार यांना याच काठचा फ्लॉवर, पालक आणि मुळ्याची कोशिंबीर वाढण्याचा शासन आदेश काढा. नमुना ताजा, तपासणी जागच्या जागी आणि अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही ज्याचा त्याला.