सोलो अण्णा

कुपवाडात सायकलचं कुणाला कौतुक नाही. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी निम्मी माणसं कालपरवापर्यंत हँडलला डबा अडकवून सायकलवरच जायची, आणि त्याला कुणी 'मोहीम' म्हणत नव्हतं. अण्णाही त्यातलेच. फाउंड्रीत तीस वर्षं काढली आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्या आल्या एकवीस गिअरची सायकल दारात आणून उभी केली. काकूंनी दोनच प्रश्न विचारले. केवढ्याला, आणि कशाला? पहिल्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

दुसऱ्याचं मात्र अण्णा दर शिमग्याला देतात. 'किनारा. सोलो.'

'सोलो' हा शब्द आमच्या गल्लीत त्यांनीच आणला. त्याआधी आम्ही 'एकटाच गेलाय' म्हणायचो आणि ते ऐकून लोकांना काळजी वाटायची. आता आदर वाटतो. कुणी सोबत घ्यायला सुचवलं, तर अण्णा इतिहास काढतात. '१९२३ साली मुंबईची सहा पारशी पोरं सायकलवर जग फिरायला निघाली. १९२८ ला परत आली ती तीन. बघा, सोबत घेतली की निम्मी गळत्यात.' या गणितापुढं कोण बोलणार?

मार्ग ठरलेला. आंबा घाटातनं उतरायचं, रत्नागिरी गाठायची आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत खाली रेडीपर्यंत. किनारा म्हणजे सपाट रस्ता असं मी एकदा बोलून गेलो. 'कुटला आलाय सपाट!' अण्णा उखडले. 'खाडीपातूर उतरायचं, पूल वलांडला की लगीच सड्यावर चढायचं. सडा संपतोय तवर फुडची खाडी हजर. समुद्र दिसतोय कमी, घाम दिसतोय जास्त.'

मागच्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री त्यांना सामान भरताना बघितलं. पंक्चरचं सोल्युशन, ठिगळं, पाना, एक ट्यूब, एक लुंगी. एवढ्यात माणूस सोलो वाटत होता. मग भडंगाच्या सात पुड्या निघाल्या. हळदीच्या सात. बेदाण्याच्या सात. शेवटी शाळूच्या पिठाच्या सात पिशव्या, किलो-किलोच्या, चाळून बांधलेल्या. सायकल स्टँडवर उभी राहीना, ती भिंतीला टेकवली.

'सात मुक्काम?' मी विचारलं.

'सात गुरुजी,' अण्णा म्हणाले.

तेव्हा उलगडा झाला. कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांत घाटावरचे मास्तर पुष्कळ. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा गावांतून गेलेले. नोकरी खाडीकाठी, जीव माणदेशात, आणि आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दरसाल नव्यानं. भात-आमटी खाऊन खाऊन यांची जीभ शाळूच्या भाकरीसाठी आसुसलेली असते. नेमकी हीच नस अण्णांनी ओळखलेली आहे. पहिल्या वर्षी पंक्चर होऊन ते एका शाळेच्या पडवीत बसले होते, तिथले गुरुजी विट्याकडचे निघाले. त्यांनी पुढच्या गावच्या गुरुजींचं नाव दिलं, त्या गुरुजींनी त्याच्या पुढच्या. सात मुक्कामांची साखळी अशी जुळली. हॉटेलचं बिल अण्णांनी आजवर पाहिलेलं नाही.

आचऱ्याच्या अलीकडचा मुक्काम ते फार रंगवून सांगतात. तिथले गुरुजी जतचे, अकरा वर्षं बदलीच्या रांगेत. घरमालकीण आजी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिनं घामानं निथळणाऱ्या अण्णांना आपादमस्तक पाहिलं.

'खंयसून इलास?'

'कुपवाडहून.'

'ता खंय?'

'सांगली.'

आजीनं सायकलकडं पाहिलं, पुन्हा अण्णांकडं पाहिलं. 'गाडी चुकली काय ओ?'

तोवर गुरुजींच्या मंडळींनी शाळूची पिशवी सोडली होती. परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला तसे गुरुजी वही तपासायची सोडून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन नुसते उभे राहिले. सायकलचं काय झालं, किती किलोमीटर झाले, असलं कुणीच विचारलं नाही. विचारलं ते असं : हळदीला काय दर निघाला? औंदा आयर्विन पुलाला पाणी कितीवर गेलतं? म्हैसाळचं पाणी आमच्या शिवारापर्यंत आलं का? घरामागं समुद्र गाजत होता आणि पडवीत रात्री बारापर्यंत जतच्या दुष्काळावर चर्चा चालली होती. झोपतानाही गुरुजींचा धाकटा अण्णांच्या अंगावर पाय टाकून. माझ्या हिशेबानं आठवडाभरात अण्णा एकटे असतात ते चढावरच, तेही दम लागून बोलता येत नाही म्हणून.

परतीचा घाट मात्र त्यांनी कधी चढलेला नाही. वानवळ्याची परतफेड वानवळ्यानंच होते, त्यामुळं फणसपोळी, कुळीथ, ओले काजू, आगळाच्या बाटल्या घेऊन सायकल जाताना होती त्याच्या दुप्पट जड होते. मग आंब्याच्या टेम्पोत, पेट्यांच्या वर, सायकल आडवी आणि अण्णा तिला धरून. कोल्हापूरच्या बाजारात उतरायचं आणि तिथून सायकलवर बसून ऐटीत कुपवाडात शिरायचं. गल्लीच्या तोंडाशी ते घंटी वाजवतात. आम्हीही बाहेर येतो. पेटीतलं गवत एकदा त्यांच्या टोपीला चिकटलं होतं, कुणी काही बोललं नाही.

यंदा येऊन चार दिवस होत नाहीत तोच परवा पहाटे पुन्हा अंगणात पंपाचा आवाज. मागच्या कॅरिअरला आमसुलांची एकच पिशवी, सुतळीनं नीट आवळलेली.

'आता कुठं?' मी गॅलरीतून विचारलं.

'जत. सोलो.'

काकू दारातूनच ओरडल्या, 'तिकडं कुठला आलाय समुद्र?'

अण्णांनी चाक दाबून हवा बघितली. 'आई हाय की गुरुजींची.'