सपोर्टेड भाषा : मराठी

अनुवादकांना सॉफ्टवेअर विकणारी माणसं फार गोड बोलतात. व्हिडिओ कॉलवर डेमो देताना ती आपला पडदा दाखवतात. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे जर्मन नाहीतर फ्रेंच. वाक्यात पारिभाषिक शब्द आला की तो आपोआप रंगतो, बाजूच्या चौकटीत त्याचा प्रतिशब्द हजर होतो आणि एक कळ दाबली की जागेवर जाऊन बसतो. हे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मग मी हळूच विचारतो, "मराठी चालतं ना?"

"ऑफ कोर्स सर! सगळ्या मोठ्या भाषा सपोर्टेड आहेत." आणि पुराव्यादाखल यादी उघडून दाखवतात. माओरी आणि मंगोलियन यांच्या मध्ये मराठी खरोखरच असते. मतदारयादीत नाव असणं आणि नळाला पाणी येणं यांचा जेवढा संबंध, तेवढाच या यादीचा पुढच्या प्रकाराशी असतो. पण हे कळेपर्यंत तीस दिवसांची ट्रायल संपत आलेली असते.

मी विम्याच्या पॉलिसी, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं आणि औषधचाचण्यांची संमतिपत्रं मराठीत आणतो. हे वाङ्मय कुणी आवडीने वाचत नाही, पण भांडताना प्रत्येक जण वाचतो. तिसऱ्या पानावर 'हप्ता' आणि चाळिसाव्या पानावर 'प्रीमियम' असं झालं, तर पॉलिसीधारक रास्तपणे विचारतो की हे पैसे वेगळे भरायचे का? म्हणून ठरलेले शब्द एका जागी साठवणारा आणि काम करताना आठवण करून देणारा टर्मबेस लागतो.

ही गरज काही संगणकाने आणलेली नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही दहा वर्गांत, चक्क श्लोकबद्ध. पाठ केला की झाला इन्स्टॉल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा. 1857च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द आहेत आणि आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले, पुरवणी 1950 साली. यांतल्या एकालाही वार्षिक नूतनीकरण शुल्क नाही, आणि दाते-कर्व्यांचा खंड वरच्या फळीवरून काढताना खांद्याला व्यायाम होतो तो वेगळाच.

नव्या जमान्याची सुरुवात जर्मनीत झाली. 1984 साली श्टुटगार्टमध्ये ट्रेडॉस नावाची भाषांतराची कंपनी निघाली. पुढे त्यांनी भाषांतराचं काम सोडलं आणि भाषांतरकारांना सॉफ्टवेअर विकायला घेतलं. पैसा कुठे आहे हे इतक्या लवकर ओळखणारा भाषांतरकार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

तर ट्रायल. एका प्रोग्रॅमात मी पहिला शब्द भरायला घेतला. शब्दासाठी रकाना होता, प्रतिशब्दासाठी होता. त्याखाली विषय, उपविषय, व्याख्या, व्याख्येचा आधार, लिंग, वापराचं उदाहरण, स्थिती. स्थितीत तीन पर्याय : प्रस्तावित, विचाराधीन, अनुमोदित. त्याखाली 'अनुमोदन कोणी दिलं?' ठाण्याच्या माझ्या ऑफिसात, म्हणजे गॅलरीला लागून असलेल्या टेबलावर, मी एकटाच. मीच प्रस्ताव मांडला, मीच विचाराधीन ठेवला, चहा घेतला आणि मीच अनुमोदन दिलं. 'गाळणी' हा शब्द मंजूर झाला तेव्हा वॉशिंग मशीनवाल्यांचा फोन आला की फाइल कुठे आहे?

हे सगळं चालवून घेतलं असतं. खरा घोळ तपासणीत आहे. भाषांतर झालं की प्रोग्रॅम बघतो, ठरलेले शब्द वापरलेत की नाही. मी टर्मबेसमध्ये लिहिलं 'हप्ता'. मजकुरात आलं 'हप्त्याची रक्कम'. लाल त्रिकोण. 'हप्त्यांमध्ये' : लाल त्रिकोण. विभक्ती लागण्याआधी मराठी शब्द आपलं रूप बदलून बसतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पण दूरदेशी बसून तपासणी लिहिणाऱ्याला कोण सांगणार? अख्ख्या पॉलिसीत 'हप्ता' नुसता, न वाकता, क्वचितच येतो. पडदा गोवराने भरल्यासारखा दिसायला लागला.

मी तक्रार केली. उत्तर तत्पर आणि नम्र होतं : शब्दाचा न बदलणारा भाग संपतो तिथे उभी रेघ मारा, पुढचं काहीही चालेल. मी 'हप्त' लिहून रेघ मारली. पलीकडे एकटा पडलेला काना ठिपक्यांचं एक वर्तुळ जवळ घेऊन बसला. दिसायला केविलवाणं, पण चाललं. हुरूप येऊन मी पुढचा शब्द घेतला, 'वीज'. आता 'वीज'चं होतं 'विजेचा'. दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली, म्हणजे न बदलणारा भाग उरला फक्त 'व'. व, मग रेघ. त्यानंतर त्या प्रोग्रॅमला वकील, वरण, वसई, काहीही चालायला लागलं. सगळीकडे वीज आहे म्हणून तो खूश. महावितरणलाही जे जमलेलं नाही ते!

'ॲप'ची गोष्ट आणखी सूक्ष्म. हा 'ॲ' एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये 2008 साली आला. त्याआधीची सवय असलेले लोक तो 'अ'वर चंद्र चढवून काढतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे. ग्राहकाच्या यादीत एक, माझ्या मजकुरात दुसरा, आणि अहवालात लिहिलेलं की अनुवादकाने मंजूर शब्द वापरलेला नाही. तो अहवाल ग्राहकालाही गेला.

आयटीतला भाचा रविवारी जेवायला आला होता. त्याने शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाला, "मामा, हे सगळं तू आधी एक्सेलमध्ये करायचास ना?"

"हो."

"मग बिघडलं काय होतं?"

मी त्याला आणखी श्रीखंड वाढलं. मात्र एक गोष्ट त्याने कामाची सांगितली : "आत काय जातं ते बघू नकोस, बाहेर काय येतं ते बघ." म्हणून प्रत्येक ट्रायलमधून मी माझे शब्द निर्यात करून पाहिले. एकाने फक्त त्याच्याच जातीच्या फाइलीत दिले, म्हणजे सोडून जायची सोय नाही. दुसऱ्याची सीएसव्ही एक्सेलने उघडली तर देवनागरीच्या जागी नुसती फोडणी तडतडत होती.

शेवटी मी ओमेगाटी ठेवलं. ते फुकट आहे, दिसायला ओबडधोबड आहे आणि त्याचा शब्दसंग्रह म्हणजे साधी टेक्स्ट फाइल : मूळ शब्द, प्रतिशब्द, टीप, मध्ये टॅब. ती नोटपॅडमध्येही उघडते आणि अनुमोदन मागत नाही. एखाद्या एजन्सीला महागडंच सॉफ्टवेअर हवं असेल, तर तिचं लायसन तिनेच द्यावं, हे मी आता फोनवर स्पष्ट सांगतो. काही देतात, काही फोन ठेवतात.

तुम्ही या धंद्यात असाल तर डेमो जरूर बघा, पण मराठी मजकूर आपला घेऊन जा. जर्मनवर भाळू नका. कार्डाचा नंबर टाकण्याआधी शब्द बाहेर काढून काना-मात्रे शाबूत आहेत का ते पाहा. आणि 'वीज' तेवढी हातानेच तपासा.