महाड–पोलादपूर : उड्डाणकाल ५४ सेकंद

महाड ते पोलादपूर हे हवाई अंतर जेमतेम बारा किलोमीटर. ताशी आठशेच्या जेट वेगाने ते ५४ सेकंदांत कापता येतं. दोन्ही गावांत विमानतळ नाही, ही केवळ तांत्रिक बाब. नकाशावर दोन टिंबं ठेवली की संगणक उड्डाणकाल सांगून मोकळा होतो. उगाच चौकशा करत बसत नाही.

शिवाय आपल्या रायगड जिल्ह्याला विमानतळ नाही, असं आता कोण म्हणेल? नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत. पोलादपूरकराने गोव्याला जायचं तर आधी गोव्याकडे पाठ करावी, महामार्गाने सव्वाशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला यावं, दोन तास आधी पोहोचून पट्टा आणि पाण्याच्या बाटलीचा जाबजबाब द्यावा, की मग सव्वा तासात मोपा! वाटेत खिडकीतून पहाटे सोडलेलं आपलंच घर दिसलं, तर हात हलवावा. एवढी सोय मुंबईकरांनाही नाही.

तरीही आमची नम्र सूचना आहे की महाड–पोलादपूर थेट सेवा सुरू व्हावीच. सुरक्षेचं निवेदन 'कृपया'पर्यंत येईतो पोलादपूर येईल. चहा प्रवाशांनी स्टँडवर उतरून संपवावा.

वैमानिकांची अडचण पडणार नाही. याच महामार्गाच्या पनवेल–इंदापूर पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमचे एसटी चालक उड्डाणाचा नियमित सराव करताहेत. लँडिंग तेवढं जरा दणक्यात होतं.